कंसातली नोंद

महागावच्या शेतकऱ्यास हे सांगावयास नको की, सातबाऱ्यावरील एखाद्याचा हक्क संपला म्हणजे त्याचे नाव पुसून टाकीत नाहीत. त्यास कंस करतात आणि नवे नाव फेरफाराच्या क्रमांकासह लिहितात. पोस्टग्रेसक्यूएल ही संगणकातील दप्तरव्यवस्था, म्हणजे डेटाबेस, हीच रीत पाळते. लोकांच्या नोंदी ज्या यंत्रणेत राहतात ती कोणाच्या मालकीची असावी, हा प्रश्न आपलाही असल्यामुळे तिचा इतिहास आम्ही येथे मांडीत आहो.

अमेरिकेत बर्कले येथील विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांनी 1973 च्या सुमारास ‘इंग्रेस’ची रचना हाती घेतली. त्याच्या पुढचे पाऊल म्हणून 1986 साली स्टोनब्रेकरांनी ‘पोस्टग्रेस’ आरंभिले. त्याचा वापर इतका वाढला की संशोधकांचा वेळ दुरुस्त्यांतच जाऊ लागला, आणि अखेर विद्यापीठाने ते काम आवरते घेतले. एखाद्या व्यापारी कंपनीचा माल असता तर तेथेच कुलूप लागते. परंतु परवाना मोठा उदार होता : कोणीही घ्यावे, बदलावे, विकावेदेखील. अँड्र्यू यू व जॉली चेन या विद्यार्थ्यांनी 1994 साली त्यास एसक्यूएल ही सर्वमान्य प्रश्नभाषा शिकविली. 1996 साली आजचे नाव मिळाले आणि देशोदेशींचे स्वयंसेवक ते सांभाळू लागले.

जुनी नोंद राखल्याचा लाभ असा की, एकजण बदल करीत असता वाचणाऱ्यास खोळंबावे लागत नाही. मात्र कंसातल्या नोंदींचा ढीग साचतो. शिवाय नोंद नव्या जागी गेली की प्रत्येक सूचीत तिचा नवा पत्ता घालावा लागे, मग बदल कितीही किरकोळ असो. यावरील उपाय 2008 च्या 8.3 या आवृत्तीत आला. तो पुण्यात काम करणारे पवन देवलसी यांच्या नावे, इतर अनेकांच्या कल्पनांचा उल्लेख करून, नोंदविलेला आहे. सूचीतील रकाना बदलला नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर नवी नोंद तेथेच लिहावयाची व जुनीवरून तिच्याकडे खूण करावयाची. सूचीस हात लावावयाचा नाही. कोणासही न लागणाऱ्या जुन्या नोंदी ते पान पुन्हा उघडले की तेथल्या तेथे काढता येतात. तलाठ्यास (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) सहज सुचावी अशी ही युक्ती वाटते खरी. पण शेकडो जण एकाच वेळी लिहीत-वाचीत असता ती न चुकता चालविणे हे सोपे काम नव्हे.

ही यंत्रणा फुकट मिळते याचे लोकांस कौतुक वाटते. आम्हांस त्याहून मोठी वाटते ती गोष्ट वेगळी : बर्कलेत जन्मलेले यंत्र पुण्यात उघडून दुरुस्त करण्यास कोणा मालकाची परवानगी लागली नाही. ती दुरुस्ती पुढील आवृत्त्यांतही कायम राहिली, आणि वापरणाऱ्यास तिच्यासाठी वेगळे काही मागावे लागत नाही.