डाक्टर, डॉक्टर आणि ऐकणाऱ्याचा कान

इंग्रजी कोणीही बोलो, त्याचा मुलूख त्याच्या तोंडून ऐकू येतोच. कोणता स्वर लांबवायचा, कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा, वाक्याच्या शेवटी आवाज चढवायचा की उतरवायचा, या सवयी माणूस लहानपणीच्या भाषेतून उचलतो आणि नंतर शिकलेल्या भाषेतही नकळत वापरतो. त्यालाच आपण ॲक्सेंट म्हणतो. काहींचा ॲक्सेंट ऐकत राहावासा वाटतो, तर काहींचा दोन वाक्यांतच खटकतो. आवाजाची खोली, बोलण्याचा वेग, स्पष्टपणा यांचाही त्यात थोडा वाटा असतो, पण ते गुण कोणत्याही ॲक्सेंटमध्ये सापडतात. खरे कारण बहुतेक वेळा ऐकणाऱ्याच्या बाजूला असते.

वर्धा जिल्ह्यातल्या माणसाचे इंग्रजी घेतले तर हे लवकर लक्षात येते. इंग्रजांचा 'ट' जिभेचे टोक वरच्या दातांमागच्या हिरडीला लागून निघतो. मराठी 'ट' जीभ आणखी मागे वळवून उच्चारतात. इंग्रज एका अक्षरावर आघात देतो आणि बाकीची अर्धवट गिळतो. मराठी माणूस प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा न्याय देतो. हे सगळ्याच मराठी मुलखाला लागू आहे. वर्ध्यात त्यावर स्थानिक बोलीचा आणि हिंदीचा थर चढतो. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीच्या मराठीवरील सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडी आणि नागपुरी या दोन्ही बोलींची नोंद आहे. वर्धा नदीच्या एका काठाला वऱ्हाड, दुसऱ्या काठाला हा जिल्हा. 'मले', 'तुले', 'काऊन', 'करून राहिला' असे बोलणाऱ्या या भागात 'कालेज', 'आफिस', 'डाक्टर' हे उच्चारही जुन्या पिढीत सर्रास ऐकू येतात.

पुण्या-मुंबईच्या कानाला हा 'डाक्टर' गावंढळ वाटतो. गंमत म्हणजे बहुतेक अमेरिकन माणसेही 'डॉक्टर' म्हणत नाहीत. त्यांच्या उच्चारातला पहिला स्वर 'आ'च्या बराच जवळचा असतो. तोच स्वर शिकागोहून आलेल्या पाहुण्याच्या तोंडी रुबाबदार ठरतो आणि वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीच्या शेतकऱ्याच्या तोंडी अडाणी.

इंग्रजीच्या माहेरीही असाच गोंधळ आहे. लंडनचे प्रतिष्ठित इंग्रजी 'फोर्थ', 'कार' अशा शब्दांतला 'र' गाळते, आणि तो ठसठशीत उच्चारणारा ब्रिटिश माणूस खेड्यातला समजला जाई. न्यूयॉर्कमध्ये नेमके उलट. १९६२ साली भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी तिथल्या तीन दुकानांतल्या विक्रेत्यांकडून 'फोर्थ फ्लोअर' हे शब्द वदवून घेतले, तेव्हा दुकान जितके महागडे तितका 'र' अधिक ऐकू आला. मराठीत 'आनी-पानी' म्हणणाऱ्याची टिंगल होते, पण वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीत किंवा तिथल्या हिंदी विश्वविद्यालयात 'पानी' हाच शुद्ध उच्चार. ध्वनीत मुळातच कुरूपपणा असता, तर त्याने भाषेप्रमाणे पक्ष बदलला नसता.

याची पडताळणी प्रयोगांनीही झाली आहे. वॉलेस लँबर्ट आणि सहकाऱ्यांनी माँट्रियलमध्ये केलेल्या प्रयोगात (१९६०) दोन्ही भाषा उत्तम बोलणाऱ्या माणसांनी एकच मजकूर एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये वाचला. माणूस तोच आहे हे श्रोत्यांना सांगितले नव्हते. इंग्रजी आवाज त्यांना अधिक हुशार, एवढेच काय, अधिक उंचही वाटला. फ्रेंच भाषक श्रोत्यांनीही आपल्याच भाषेला कमी गुण दिले. ज्याची सत्ता त्याचा उच्चार सुंदर, ही समजूत दबलेल्यांच्याही कानात भिनलेली असते. पुढे १९७४ साली ग्रीक न येणाऱ्या ब्रिटिश विद्यार्थ्यांना अथेन्सचा आणि क्रीट बेटावरचा असे दोन ग्रीक उच्चार ऐकवले गेले. ग्रीसमध्ये पहिल्याला मान आहे आणि दुसऱ्याला नाही. या विद्यार्थ्यांना मात्र त्यांत डावे-उजवे करता आले नाही.

प्रतिष्ठा आणि आपुलकी या दोन वेगळ्या मापांनी कान मोजतो, हेही ध्यानात घ्यायला हवे. बीबीसीच्या २००४ मधल्या पाहणीत पाच हजारांवर लोकांनी ३४ ॲक्सेंटना गुण दिले. मानाच्या बाबतीत राणीचे इंग्रजी पुढे होते. जवळिकीच्या बाबतीत 'माझ्यासारखाच' ॲक्सेंट. बर्मिंगहॅमचा उच्चार तळाला गेला, आशियाईही त्याच्या आसपास. या पाहणीत ध्वनिफीत ऐकवलेलीच नव्हती, फक्त नावे दिली होती! वऱ्हाडीच्या नशिबीही हीच विभागणी आहे. विनोदी अभिनेते भारत गणेशपुरे यांच्या तोंडी ती महाराष्ट्राला हसवते, आवडते. बातमीपत्रात किंवा व्याख्यानात तीच ऐकण्याची तयारी अजून फारशी दिसत नाही.

वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला, गांधीजींच्या आश्रमाभोवती, १९३६ नंतर इंग्रजीचे कितीतरी नमुने एकत्र आले. ब्रिटिश ॲडमिरलच्या कन्या मीराबेन, इंग्लंडमध्ये शाळा शिकलेल्या राजकुमारी अमृत कौर, सिलोनचे आर्यनायकम आणि वर्ध्याच्या मगनवाडीतले तमिळ जे. सी. कुमारप्पा. खुद्द गांधीजींनी विद्यार्थिदशेत लंडनला 'सभ्य' होण्यासाठी वक्तृत्वाची शिकवणी लावली होती आणि लवकरच सोडून दिली, हे त्यांच्या आत्मकथेत आहे. १९३१ साली लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेले त्यांचे इंग्रजी संथ, सपाट आणि सरळ भारतीय वळणाचे आहे. ते कोणाला खटकल्याचे सहसा ऐकिवात येत नाही, कारण बोलणारा कोण हे आधीच ठाऊक असते.

अनोळखी उच्चार समजून घ्यायला मेंदूला जास्त कष्ट पडतात, हे मात्र खरे. त्या कष्टाचा राग बोलणाऱ्यावर निघतो. शिकागोत २०१० साली झालेल्या प्रयोगात परदेशी उच्चारात सांगितलेली सामान्यज्ञानाची विधाने श्रोत्यांना कमी खरी वाटली. बोलणारा दुसऱ्याने लिहून दिलेले वाचतो आहे, हे माहीत असूनही. सुदैवाने हा अडथळा टिकत नाही. २००४ च्या एका अभ्यासात मिनिटभर ऐकल्यावरच श्रोते नव्या उच्चाराला बऱ्यापैकी सरावले. डोक्यातला ग्रह इतक्या सहज जात नाही. डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ साली अमेरिकन विद्यार्थ्यांना एकाच अमेरिकन आवाजातले चार मिनिटांचे व्याख्यान ऐकवले, काहींना गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र दाखवून, काहींना चिनी चेहऱ्याच्या स्त्रीचे. चिनी चेहरा पाहिलेल्यांना व्याख्यान कमी समजले, आणि त्यांतल्या अनेकांना नसलेला परदेशी ॲक्सेंटही ऐकू आला.