मुक्काम कुठे करायचा? पालखीतळाचं गणित

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एक प्रश्न आला होता : कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन फिरायचं तर रात्री थांबायचं कुठे? राज्यानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा प्रश्न नवा वाटेल. पण आपल्या सोलापूर जिल्ह्यात हे गणित दरवर्षी वारीत सोडवलं जातं. तेच आज आपण समजून घेऊ.

माउलींची पालखी आळंदीहून निघते आणि धर्मपुरीला आपल्या जिल्ह्यात येते. पुढे नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी असे मुक्काम करत पंढरपूर. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याची घडी बसवली.

आता बघा, वारीत विसावा वेगळा आणि मुक्काम वेगळा. विसाव्याला सावली आणि घोटभर पाणी पुरतं. मुक्कामाला स्वयंपाक, अंघोळ, शौचालय, झोप, सगळंच लागतं. म्हणून दुपारी छान वाटलेली जागा रात्रीसाठी चालेलच असं नाही.

दुसरं, रोजचं अंतर सारखं नसतं. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा लांबचा टप्पा. म्हणून सासवडला दोन रात्री. वाखरी तर पंढरपूरच्या अगदी जवळ. तरी तिथे मुक्काम पडतो, कारण संतांच्या पालख्या तिथे एकत्र येतात. म्हणजे किलोमीटर समान वाटून मुक्काम ठरत नाहीत. अवघड टप्प्यानंतर उसंत ठेवावी लागते.

तिसरं, पाणी. दिंडीचा ट्रक राहुट्या आणि शिधा घेऊन पुढे जातो, सोबत टँकर असतो. वारकरी पोचेपर्यंत तंबू उभे आणि चूल पेटलेली. पण लाखो माणसं एका गावात उतरली की विहिरी आणि नाले लगेच घाण होऊ शकतात. एकोणिसाव्या शतकात यात्रांमधून पटकी पसरायची, ती अशाच पाण्यामुळे. म्हणून आज पाण्याचं शुद्धीकरण आणि फिरती शौचालयं हा मुक्कामाचाच भाग आहे.

चौथं, जमीन. आपल्याकडची काळी माती कोरडी असताना दगडासारखी, आणि एका सरीनंतर चाक धरून बसते. तेव्हा गाडी उंचवट्यावर, मुरमाच्या जागेवर लावायची आणि तोंड रस्त्याकडे ठेवायचं. ही पारख उजेडातच होते. अंधारात ओढा आणि शेताचा बांध दोन्ही दिसत नाहीत.

शेवटचं, गाव. अनेक दिंड्यांच्या जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या आहेत. शेतकरी रान मोकळं ठेवतो, कारण हीच माणसं पुढच्या वर्षी परत येणार हे त्याला ठाऊक असतं. आपली कॅराव्हॅन मात्र अनोळखी. तेव्हा मालकाला विचारल्याशिवाय शेतात चाक घालायचं नाही, टाकीतलं सांडपाणी ओढ्यात सोडायचं नाही, कचरा बरोबर न्यायचा.

थोडक्यात, सकाळी निघतानाच चार प्रश्न विचारायचे : पाणी कुठलं, जमीन कशी, परवानगी कुणाची, उजेडात पोचू का? यातल्या एकाचं उत्तर 'बघू' असेल, तर अलीकडच्या गावातली दुसरी जागा आधीच हेरून ठेवायची.