मोटारींना जागा आहे, मग मुलांना का नाही?

मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईची मोटार समुद्रावरून थेट अलिबाग तालुक्यात उतरू लागली. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला. आता शनिवार-रविवारी अलिबाग, नागाव, काशीद, मुरूडकडे मोटारींची रांग लागते. पाहुणे जरूर यावेत, त्यांच्यावर अनेकांची चूल पेटते. पण मुलांच्या खेळाची, वाळवणाची, लग्नमांडवाची मोकळी जागा हळूहळू वाहनतळ होऊन बसते. ज्यांची ही जागा जाते, त्यांच्या दारात बहुधा मोटार नसते.

थोडा हिशोब मांडू. एक मोटार उभी करायला साधारण 5 मीटर लांब व अडीच मीटर रुंद जागा लागते. दोन मोटारींची झाली 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत कित्येक वर्षे एका अख्ख्या कुटुंबाला 225 चौरस फुटांचे घर मिळत होते!

हे चित्र बदलता येते. माटुंग्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर तुळपुळे उड्डाणपूल आहे. त्याखाली वाहनतळ नको, असा आग्रह तिथल्या रहिवाशांनी धरला. पदरचे पैसे घालून पहारेकरी नेमले, महापालिकेकडे खेटे घातले. 2016 मध्ये तिथे नानालाल मेहता उद्यान उघडले. सुमारे 600 मीटरची पायवाट नर्मदेच्या वळणांसारखी आखलेली आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला 2005 साली काही तरुणांनी मीटरमध्ये नाणी टाकून एका मोटारीची जागा दोन तास भाड्याने घेतली आणि तिथे हिरवळ, बाक व एक झाड मांडले. पुढे अनेक देशांत लोक तसे करू लागले.

रायगडकरांना ही गोष्ट नवी नाही. सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या असाव्यात, हा ठराव सी. के. बोले यांनी 1923 साली मुंबई कायदेमंडळात मांडला. तो कागदावरच राहिला, म्हणून 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले.

मग आपण काय करावे? प्रथम आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोटारी मोजून वहीत लिहा. सोमवार ते शुक्रवार तळ रिकामा दिसला, तर ते दिवस मुलांचे खेळ, अभ्यासवर्ग आणि बचत गटाच्या बाजारासाठी मागा. सुट्टीच्या दिवशी मोटारींकडून शुल्क घ्यावे व ते त्याच जागेच्या देखभालीला लावावे. सगळीकडे सिमेंट ओतू देऊ नका. माती उघडी राहिली, तर पावसाचे पाणी जमिनीत मुरते. कडेने करंज, उंडी लावा. खारा वारा ती सोसतात. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने आपली किती झाडे नेली, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. मागणी तिथेच प्रथम मांडावी, कारण मुले कुठे खेळतात हे आयांना अधिक कळते. मग ठराव ग्रामसभेत लिहून घ्या. वहीतील आकडे अर्जाला जोडा आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.