अध्यापनाची साधने आणि अध्ययनाचे शास्त्र

म्हैसूर शहरातील सरस्वतीपुरम या वसाहतीजवळच मानसगंगोत्री हा विद्यापीठाचा परिसर आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी 1963 साली म्हैसुरात स्थापन झालेली प्रादेशिक शिक्षणसंस्थाही याच भागात आहे. परंतु ज्ञानव्यवहार आणि यंत्र यांची गाठ या शहरात त्याही पूर्वी पडली होती. मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी 1935 साली येथे आपल्या घरी नभोवाणी केंद्र सुरू केले. ‘आकाशवाणी’ हे नाव त्या केंद्राशी निगडित आहे. आवाज दूरवर पोहोचविणे हे यंत्राचे कार्य होय. तो ऐकणाऱ्याच्या मनात काय घडते, हा मात्र मानसशास्त्राचा प्रश्न आहे. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, याचा विसर पडला की साधने वाढतात आणि अध्ययन होते तेथेच राहते.

एड्युसॅट हा शिक्षणासाठी वाहिलेला उपग्रह भारताने 2004 साली अवकाशात सोडला. म्हैसूरलगतच्या चामराजनगर जिल्ह्यातील प्राथमिक शाळांपर्यंत त्याच्या साहाय्याने पाठ पोहोचविण्यात आले. जेथे जाणकार शिक्षक सहजासहजी मिळत नाही, तेथे अशी सोय मोलाची ठरते. तथापि पडद्यावरील शिक्षकाला शेवटच्या रांगेतील मुलाचा गोंधळलेला चेहरा दिसत नाही.

ही उणीव केवळ यंत्राची नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी 1953 साली आपल्या मुलीच्या वर्गात गणिताचा तास पाहिला. सर्व मुलांना एकाच गतीने पुढे जावे लागत होते, आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे त्यांना तत्काळ कळत नव्हते. यावर उपाय म्हणून त्यांनी अध्यापनयंत्र तयार केले. त्यात पाठाचे लहान लहान टप्पे पाडलेले असत. प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्याने उत्तर द्यावयाचे आणि लगेच ते पडताळून पाहावयाचे.

उत्तर देण्याच्या या कृतीचे महत्त्व पुढील संशोधनाने अधिक स्पष्ट केले. रोडिगर आणि कार्पिके यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला; इतरांनी तो एकदा वाचून, न पाहता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनंतर दोनदा वाचणाऱ्यांना 81 टक्के, तर लिहिणाऱ्यांना 75 टक्के मजकूर आठवला. आठवड्यानंतर मात्र हेच प्रमाण अनुक्रमे 42 व 56 टक्के झाले. पुन्हा वाचल्याने समजल्याचे समाधान मिळते. आठवण्याच्या प्रयत्नाने ज्ञान टिकते.

या कसोटीवर आजची साधने पारखून पाहता येतील. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडचा उपयोग केला आणि 2020 साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. छापील पानावरून ध्वनी, चित्रफीत वा प्रश्न यांकडे जाण्याची वाट अशा कोडने खुली होते. मूल तोच भाग आपल्या गतीने पुन्हा ऐकू शकते. परंतु ऐकून झाल्यावर त्याला काही विचारले गेले नाही, तर नव्या साधनातही जुनाच दोष शिरतो.

म्हणून शिक्षकाने चित्रफीत मध्येच थांबवावी, पुढे काय होईल ते विचारावे, उत्तर वहीत लिहून घ्यावे आणि मगच पुढे जावे. चुकलेल्या उत्तरावर शिक्षा नको, चर्चा हवी. कारण मूल कोठे अडले आहे, हे त्या चुकीतूनच कळते. दोन दिवसांनी, पुन्हा आठवड्याने, तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारावा. ज्याच्या घरी भ्रमणध्वनी नाही, त्या मुलालाही पाटीपेन्सिलीने हे सर्व करता येते. साधन महाग असो वा स्वस्त, विद्यार्थ्याला स्वतः विचार करावयास लावणे हेच त्याचे खरे मोल होय.