मेनफ्रेम लिनक्समधील नेटवर्क दोषशोधन

मेनफ्रेम या मोठ्या संगणकावर लिनक्स ही परिचालन प्रणाली चालविली असता, तिची नेटवर्काशी असलेली जोडणी का जुळत नाही किंवा का तुटली, याचा क्रमवार शोध घेण्याची कार्यपद्धती. बँका, विमासंस्था इत्यादींचे व्यवहार अशा संगणकांवर चालतात व एकाच यंत्रावर अनेक लिनक्स प्रणाली एकाच वेळी कार्यरत असतात. त्यामुळे एका जोडणीतील दोषाइतकाच, तो दूर करताना झालेला उतावीळपणाही महाग पडू शकतो.

पार्श्वभूमी : आय. बी. एम. कंपनीने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. तीत प्रत्येक उपकरण ‘चॅनेल’ या घटकामार्फत जोडले जाते व त्यास एक उपकरण-क्रमांक असतो. ही रचना त्या परंपरेतील आजच्या यंत्रांतही मूलतः टिकून आहे. याउलट लिनक्सचा जन्म १९९१ मध्ये वैयक्तिक संगणकावर झाला. १९९९ च्या अखेरीस आय. बी. एम.ने एस/३९० यंत्रांवर लिनक्स चालविण्यासाठी आवश्यक ते फेरफार प्रसिद्ध केले आणि दोन भिन्न परंपरा एकत्र आल्या. मुंबईच्या उपनगरांत या दोन्ही विद्या थोड्याच अंतरावर वाढल्या. अंधेरी येथील सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्रातून (स्थापना १९७३) टाटा बरोज यासारख्या कंपन्यांनी परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर तयार केले; तर जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविज्ञान केंद्र (स्थापना १९८५) हे १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘अर्नेट’ या शैक्षणिक व संशोधन नेटवर्काच्या प्रकल्पातील एक प्रमुख सहभागी होते. मेनफ्रेम लिनक्समधील बरेच दोष या दोन विद्यांच्या सांध्यावर आढळतात. एकच बाजू जाणणारा तंत्रज्ञ ते भलत्याच ठिकाणी शोधत राहतो.

जोडणीची रचना : साध्या संगणकात नेटवर्क कार्ड हे एकच उपकरण असते. मेनफ्रेममधील ‘ओएसए’ कार्डाच्या प्रत्येक जोडणीस मात्र तीन उपकरणे लागतात : वाचनासाठी एक, लेखनासाठी एक व प्रत्यक्ष माहितीच्या वहनासाठी एक. त्यांपैकी पहिल्याचा क्रमांक सम व दुसऱ्याचा त्याच्या लगतचा असतो, उदा., एफ५००, एफ५०१ व एफ५०२. ‘क्यूएथ’ हा चालक या तिघांचा गट बांधतो व तो गट कार्यान्वित झाल्यावरच लिनक्सला नेटवर्क जोडणी दिसू लागते. झेड/व्हीएम या आभासी यंत्रप्रणालीखाली चालणाऱ्या लिनक्सला बहुधा खरे कार्ड न मिळता आभासी कार्ड मिळते व ते ‘व्हीस्विच’ या आभासी स्विचला जोडावे लागते.

शोधाचा क्रम : शोध खालून वर घ्यावा. प्रथम, ही उपकरणे यंत्राच्या आदान-प्रदान आराखड्यात आहेत का व त्या लिनक्सला दिली आहेत का, ते पाहावे. ‘एलएससीएसएस’ या आज्ञेने ती दिसावीत. तेथे ओएसएचा नियंत्रक-प्रकार १७३१/०१ असा येतो. ती न दिसल्यास ‘सीआयओ-इग्नोर’ या वगळणी-यादीत अडकली आहेत का, हे तपासावे. झेड/व्हीएममध्ये आभासी कार्ड स्विचला जोडलेले आहे का व त्या लिनक्सला स्विच वापरण्याची परवानगी आहे का, याची खात्री करावी. त्यानंतर ‘एलएसक्यूएथ’ने गट कार्यान्वित आहे का, ते पाहावे. आयपी पत्ता, मार्ग आणि ‘पिंग’ यांची तपासणी सर्वांत शेवटी येते. अननुभवी तंत्रज्ञ नेमका तेथूनच आरंभ करतो.

नेहमीचे दोष : कार्ड दुसऱ्या किंवा तिसऱ्या स्तरावर चालविता येते. आभासी स्विच एका स्तरावर व लिनक्स दुसऱ्या स्तरावर असल्यास जोडणी सुरू झाल्यासारखी वाटूनही माहिती वाहत नाही. नव्या चालकांत बऱ्याच वेळा स्तर आपोआप ओळखला जातो. तिसऱ्या स्तरावर पत्त्यांचा शोध कार्डच घेत असल्याने पत्ता आपोआप मिळविण्याची नेहमीची पद्धत विशेष तजविजीवाचून चालत नाही. लहान संदेश पोहोचतात पण मोठ्या फाइली अडकतात, असे झाल्यास मार्गावरील पाकिटाच्या कमाल आकारमानातील विसंगतीचा संशय घ्यावा. पुनरारंभानंतर जोडणी नाहीशी झाल्यास पूर्वीचा बदल केवळ चालू स्थितीत केला होता व तो कायम नोंदला नव्हता, असे बहुधा आढळते; ‘सीएचझेडडेव्ह’ या आज्ञेने दोन्ही गोष्टी साधतात.

दक्षता : नेटवर्क तुटले की दुरून काम करणाऱ्याचा प्रवेशही तुटतो. अंधेरीत बसून दुसऱ्या खंडातील यंत्र सांभाळणाऱ्यास ही अडचण विशेष जाणवते. यास्तव नेटवर्कावर अवलंबून नसलेला प्रवेश, म्हणजे झेड/व्हीएमचा किंवा यंत्राचा नियंत्रण-पडदा, आधीच हाताशी असावा. एका वेळी एकच बदल करावा व मूळची स्थिती लिहून ठेवावी. ओएसए कार्ड व आभासी स्विच अनेक लिनक्स प्रणालींत सामायिक असतात; त्यांना हात लावल्यास एका आजारी प्रणालीपायी अनेक निरोगी प्रणाली बंद पडू शकतात. म्हणून दोष त्या एका लिनक्समध्ये नाही, हे सिद्ध झाल्यावाचून सामायिक घटकांत बदल करू नये.