वाटी भरलेली, पण पाखरू उपाशी!

सांगली-मिरजेकडच्या कितीतरी घरांच्या गॅलरीत हल्ली हिरव्या, निळ्या, पिवळ्या चिमुकल्या पोपटांची जोडी किलबिलताना दिसते. कधी मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून, कधी कुत्र्याच्या हट्टावरचा तोडगा म्हणून ही जोडी घरी येते. हट्ट मुलांचा, कौतुक त्यांच्या बाबांचं, आणि चार दिवसांनी दाणापाणी मात्र आपल्याकडे! तेव्हा मैत्रिणींनो, या पाखरांच्या जेवणाविषयी चार गोष्टी आपणच माहीत करून घेतलेल्या बऱ्या. कारण यातली बरीच पाखरं रोगानं नव्हे, तर चुकीच्या खाण्यानं लवकर जातात. नीट जोपासलेलं पाखरू सात-आठ वर्षं सहज जगतं, काही तर दहाच्याही पुढे जातात.

खरं नाव बजरीगर

दुकानदार यांना लव्हबर्ड म्हणतात, म्हणून आपणही तेच म्हणतो. पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आखूड शेपटीचे. आपल्या पिंजऱ्यातली ही लांब शेपटीची, पाठीवर लाटांसारख्या काळ्या रेघा असलेली पाखरं मूळची ऑस्ट्रेलियातली. यांचं नाव बजरीगर. बाजरीशी या नावाचा काही संबंध नाही बरं का! ते तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलं आहे. जॉन गूल्ड नावाच्या इंग्रज पक्षितज्ज्ञानं १८४० मध्ये ही पाखरं जिवंत इंग्लंडला नेली. पुढे ती पिंजऱ्यात वाढू लागली आणि जगभर पसरली. आपला हिरवा रानपोपट मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तो पकडणं, विकणं आणि पाळणं गुन्हा आहे. दारावर कुणी पोपटाची पिल्लं विकायला आणली तर दया म्हणूनसुद्धा घेऊ नका.

ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळरानावर ही पाखरं थव्यानं हिंडतात. जिथे पाऊस पडून गवत उगवलं तिथे उतरायचं, कोवळं-जून जे बी मिळेल ते खायचं, पुन्हा उडायचं. म्हणजे एक तर खाणं नाना तऱ्हेचं, आणि दुसरं म्हणजे दिवसभराची उड्डाणं. आपल्याकडे पिंजऱ्यात काय होतं? बारा महिने एकच कोरडं धान्य आणि हात-दीड हाताची जागा. आपल्याला कुणी वर्षभर नुसती कोरडी भाकरी वाढली तर पोट भरेल, पण अंगी लागेल का?

टरफलांचा फसवा ढीग

सर्वांत आधी एक गोष्ट सांगते, कारण तिच्यात पाखराचा जीव जाऊ शकतो. बजरीगर दाणा अख्खा गिळत नाही. चोचीत फिरवून तो सोलतो, आतला गर खातो आणि टरफल तिथेच वाटीत टाकतो. संध्याकाळी पाहावं तर वाटी काठोकाठ! आपल्याला वाटतं, दाणे आहेत की अजून. प्रत्यक्षात ती नुसती टरफलं असतात. एवढ्याशा जिवाच्या अंगात साठा तो किती? एक-दोन दिवसांच्या उपासानंही पाखरू दगावतं, आणि घरातल्यांना कळत नाही की भरल्या वाटीसमोर ते गेलं कसं.

उपाय अगदी सोपा. सकाळ-संध्याकाळ वाटी बाहेर काढून हलकी फुंकर मारा. टरफलं उडतील आणि खरे दाणे किती उरले ते दिसेल. तांदूळ पाखडणाऱ्या हातांना हे काय अवघड? गावाला जाताना शेजारणीला पिंजरा सोपवाल, तेव्हाही "वाटी भरलेली आहे ना बघा" असं सांगू नका, "फुंकर मारून बघा" असं सांगा.

धान्य: आपल्याच किराण्यातलं

पक्ष्यांच्या दुकानात 'कांगणी' म्हणून जे मिळतं, ते म्हणजे आपलं राळं. भोगीला बाजरीच्या भाकरीबरोबर राळ्याचा भात करण्याची आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहेच. बजरीगराचं मुख्य धान्य हेच. त्यात बाजरी, वरी आणि नाचणी मिसळा. चवीला थोडी बारीक ज्वारीही चालेल. शक्यतो टरफलासकट असलेलं धान्य घ्या, ते जास्त दिवस ताजं राहतं. एका पाखराला दिवसाला चहाचे दीड ते दोन लहान चमचे धान्य पुरे.

सूर्यफूल, करडई, कारळे ही गळिताची धान्यं मात्र चार-दोन दाणेच द्यावीत, तीही लाड म्हणून. पाखरं ती आवडीनं खातात खरी, पण पिंजऱ्यात बसून तेल जिरत नाही. अंगावर चरबीच्या गाठी येतात, यकृत बिघडतं.

धान्य ताजं आहे का हे कसं ओळखायचं? चमचाभर दाणे रात्री भिजवा आणि ओल्या फडक्यात बांधून ठेवा. दोन-तीन दिवसांत बऱ्याच दाण्यांना मोड आले तर धान्य जिवंत आहे. पॉलिश केलेल्या धान्याला मात्र ही परीक्षा लागू नाही, कारण त्याला मोड येत नाहीत. पावसाळ्यात कृष्णाकाठची दमट हवा धान्यात शिरते. कुबट वास आला, जाळी किंवा बुरशी दिसली तर ते धान्य सरळ टाकून द्या. ऊन दाखवल्यानं बुरशीचं विष जात नाही.

आणखी एक सावधगिरी. आपला जिल्हा शेतीचा, घरोघरी पेरणीचं बी येतं. त्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, बहुधा रंगही लावलेला असतो. त्यातला एक दाणाही पिंजऱ्यात जाता कामा नये. घरच्या साठवणीच्या धान्याला बोरिक पावडर लावत असाल, तर पाखरांचं धान्य वेगळ्या डब्यात ठेवा.

हिरवं आणि रंगीत रोज हवं

नुसत्या धान्यात 'अ' जीवनसत्त्व आणि कॅल्शियम फारच कमी. 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं की पाखराच्या नाकाला, डोळ्यांना, श्वासाला त्रास सुरू होतो. म्हणून रोज थोडं हिरवं-रंगीत द्यायचंच. यासाठी वेगळा बाजार नको. भाजी निवडताना दोन काड्या बाजूला काढल्या की झालं!

सोमवारी मेथी, मंगळवारी किसलेलं गाजर, बुधवारी कोथिंबीर, गुरुवारी शेवग्याचा पाला, शुक्रवारी लाल भोपळ्याचा कीस, शनिवारी भोपळी मिरचीची फोड, रविवारी कोवळ्या मक्याचे दाणे. पालक अधूनमधून चालेल, रोज नको, कारण त्यामुळे कॅल्शियम अंगी लागायला अडथळा येतो. मोड आलेले मूग-मटकीही आठवड्यातून दोनदा द्या, पण मोड स्वच्छ धुतलेले आणि बिनवासाचे हवेत. थंडीत कुणी शेतावरून हुरड्याचं कणीस आणलं, तर ते औषध न मारलेल्या रानातलं असल्याची खात्री करा आणि एक तुरा धुऊन पिंजऱ्याला बांधा. चिकातला दाणा म्हणजे यांचं माहेरचं जेवण!

फळ आठवड्यातून दोनदा, नखाएवढं. सफरचंद द्यायचं तर बिया काढून. तासगावकडची द्राक्षं आपल्या दारात येतात, पण त्यांवर फवारण्या झालेल्या असतात. मिठाच्या पाण्यात भिजवून, पुन्हा साध्या पाण्यात खळखळून धुऊन अर्धा मणी द्यावा. ओली भाजी-फळं उन्हाळ्यात दोन-तीन तासांत पिंजऱ्यातून काढून टाका, नाहीतर ती आंबतात.

कॅल्शियमसाठी समुद्रफेन

अंडी घालणाऱ्या मादीला कॅल्शियम कमी पडलं तर अंडं पोटात अडकू शकतं आणि ती काही तासांत मरणाच्या दारात जाऊ शकते. काष्ठौषधींच्या दुकानात समुद्रफेन मिळतं, ते म्हणजे माकूल जातीच्या समुद्री जिवाच्या अंगातलं कवच. त्याचा तुकडा मऊ बाजू पाखराकडे करून पिंजऱ्याला अडकवा, ते चोचीनं खरवडून खातं. ते नसेल तर अंड्याची टरफलं दहा मिनिटं उकळून, वाळवून, बारीक कुटून द्या. विणीच्या दिवसांत उकडलेल्या अंड्याचा चिमूटभर चुराही चालतो. मासांहार करत नसाल तर अंड्याऐवजी मोडाचं धान्य आणि हिरवा पाला वाढवा.

हे मात्र नको

आपल्या सांगलीचं भडंग कितीही खमंग असलं तरी पाखराला नको. तेल, मीठ आणि लसूण या तिन्ही गोष्टी त्याला बाधतात. मुलांना हे आधी समजावून सांगा, कारण खाऊतला घास पिंजऱ्यात टाकणारे हात त्यांचेच असतात. फरसाण, बिस्किट, चॉकलेट, चहा, कांदा आणि हल्ली बाजारात दिसणारं अव्होकाडो यांतलं काहीही देऊ नये. दुधात भिजवलेली पोळीही नको. पाखराला दूध पचत नाही.

पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका. नॉनस्टिक तवा विस्तवावर रिकामा तापला तर त्याच्या वाफेनं काही मिनिटांत पाखरं मरतात. आपल्याला साधा वासही येत नाही! उदबत्तीचा आणि डासांच्या कॉइलचा धूरही त्यांना सोसत नाही.

खात नसेल तर?

"आमचं पाखरू हिरवं तोंडात घेत नाही हो," ही तक्रार नेहमीची. वर्षभर कोरडं धान्य खाल्लेल्या पाखराला मेथी हे खाणं आहे हेच ठाऊक नसतं. सकाळी भुकेच्या वेळी ओला पाला बसण्याच्या दांडीजवळ चिमट्यानं लावा. ओल्या पानात ती आधी अंग घासतात, मग चोच लावतात. दहा-पंधरा दिवस रोज तोच पाला द्या आणि त्याच्यासमोर तुम्हीही एखादं पान खा. ही थव्यातली पाखरं, दुसरा खातो ते पाहून शिकणारी. "भूक लागेल तेव्हा खाईल" म्हणून धान्य बंद करू नका. लहान मूल एक वेळ रुसून उपाशी राहील आणि मग जेवेल, पण पाखराला तेवढी सवड नसते. दुकानात पक्ष्यांसाठी तयार गोळ्याही मिळतात. त्या द्यायच्या तर धान्यात हळूहळू मिसळून, काही आठवड्यांत प्रमाण वाढवावं.

खाणं अंगी लागतं का हे पाहायला घरातला छोटा काटा पुरतो. बजरीगराचं वजन साधारण ३० ते ४० ग्रॅम. आठवड्यातून एकदा लहान डबीत बसवून वजन करा आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी मांडा. तीन-चार ग्रॅम कमी झाले तर ते थोडं नव्हे, आपल्या अंगातून पाच-सहा किलो गेल्यासारखं आहे. पाखरू दुखणं लपवतं. पिसं फुगवून खाली बसलं की पाणी डोक्यावरून गेलेलं असतं. म्हणून पक्ष्यांची माहिती असलेला पशुवैद्य गरज पडण्याआधीच शोधून ठेवा.

या सगळ्याला रोजची दहा मिनिटंही लागत नाहीत. एक फुंकर, दोन काड्या भाजी, ताजं पाणी. उद्या सकाळी चहाचं आधण ठेवलं की आधी ती वाटी बाहेर काढून बघा.