कचेरीतील टेलिफोनची नवी व्यवस्था



गव्हाण बंद पडली की फडातली तोड लगेच थांबवावी लागते. निरोप उशिरा गेला तर तोडलेला ऊस वाळतो, वजन घटतं, साखर उताराही खाली येतो. नुकसान सभासदाचं आणि कारखान्याचंही. म्हणून आम्ही कचेरीत लहान ईपीएबीएक्स यंत्र बसविले आहे.

बाहेरच्या लाइनी दोन, आतले फोन आठ; सगळ्यांची जोडणी यंत्रात. गव्हाण, वजनकाटा, शेतकी विभाग आणि हिशेब खाते आपसांत बोलले तर बिल पडत नाही, बाहेरची लाइनही अडत नाही. मात्र बाहेरचे फोन एका वेळी दोनच चालतात. तिसऱ्याला थांबावं लागतं.

यंत्र विजेवर चालते, म्हणून बॅटरी जोडली आहे. तीही उतरली, तर एक लाइन आपोआप शेतकी विभागाच्या फोनला थेट जोडली जाते. पावसाळी विजेपासून बचावासाठी तारांना संरक्षक उपकरण व अर्थिंग दिले आहे.

सभासदांनी फोन करताना गट नंबर, ऊसजात व लागणीची तारीख हाताशी ठेवावी. बोलणं आटोपशीर ठेवलंत, तर दुसऱ्या शेतकऱ्याचा निरोप वेळेवर पोचेल.